सर्वेक्षण कधी करावं, कसं करावं आणि कुठे थांबावं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प सुरू झाला की मुलं माझ्याकडे येतात ती हातात प्रश्नावली घेऊनच. कुठल्या तरी जुन्या प्रबंधावरून उतरवलेली असते: नाव, वय, जात, शिक्षण, उत्पन्न आणि मग 'होय / नाही / सांगता येत नाही' असे पंचवीस-तीस प्रश्न. विषय विचारला तर 'ऊसतोड कामगारांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास'. 'यातलं तुला नेमकं काय शोधायचंय?' म्हटलं की गप्प. बहुतेक सर्वेक्षणं बिघडतात ती इथेच, गावात पाऊल टाकण्याआधी.

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. त्याआधी मोठ्या पाहण्यांसाठी अन्वेषक म्हणून गावोगाव फॉर्म भरले आणि पुढे पर्यवेक्षक म्हणून इतरांनी भरलेले फॉर्म तपासले. परीक्षेत सर्वेक्षणाचे गुण-दोष दोन रकान्यांत लिहायला सांगतात, मुलंही ते पाठ करतात. प्रत्यक्षात एका प्रश्नाला जे बळ पुरवतं तेच दुसऱ्या प्रश्नाला आडवं येतं. तेव्हा आपल्या प्रश्नाला सर्वेक्षण लागू पडतं का हे आधी ठरवायचं. पडत असेल तर पुढचं वाचा.

'किती' आणि 'का'

किती, कुठे जास्त, पूर्वीपेक्षा वाढलं की घटलं, या प्रश्नांत सर्वेक्षणाचा हात कोणी धरू शकत नाही. बालविवाहाचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होत आलं आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते पाहते. त्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांचं लग्न कितव्या वर्षी झालं यावरून बालविवाहाचं प्रमाण काढतात. हा वयोगट मुद्दाम धरलेला आहे. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न अठराच्या आत होणार की नाही हे अजून ठरायचंय आणि झालेलं असलं तरी गुन्हा म्हणून घरचे लपवतील. बावीस वर्षांच्या बाईकडे लपवायचं कारण तितकंसं उरत नाही, आठवण मात्र ताजी असते. देशात २००५-०६ साली या वयोगटातल्या ४७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण २३ टक्क्यांवर आलं. तोच प्रश्न, तोच वयोगट, तीच व्याख्या दर वेळी ठेवली म्हणून 'घटलं' असं छातीठोक म्हणता येतं. कितीही जीव ओतून शंभर मुलाखती घेतल्या तरी त्यातून हे निघणार नाही.

आता त्याच २०१९-२१ च्या पाहणीतला महाराष्ट्र बघा. राज्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के, परभणीचं ४८ आणि बीडचं जवळपास ४४. राज्याच्या सरासरीखाली काय झाकलं गेलं होतं ते जिल्ह्यांच्या तक्त्याने उघडं पाडलं. पण परभणीत आणि बीडमध्येच एवढं का? तक्ता तिथे मुका होतो.

ते कळायला मुकादमाशी, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्याशी, बोलावं लागतं, फडावर जावं लागतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. शिवाय आई-बाप सहा महिने कारखान्याच्या हद्दीत कोपीत राहणार, मग वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा वेगळाच घोर. तुम्ही प्रश्नावलीत 'मुलीचे लग्न लवकर करण्याचे कारण: (अ) गरिबी (आ) परंपरा (इ) अज्ञान' असं छापून नेलंत, तर लोक तीनपैकी एकावर खूण करू देतील. कोयत्याचा हिशेब तुमच्या कागदावर कधीच येणार नाही आणि तुम्ही मात्र '६२ टक्के लोक परंपरेमुळे' असं लिहून मोकळे व्हाल.

म्हणून पर्याय लिहिण्याआधी आठ-दहा जणांशी वही बंद ठेवून बोला. त्यांच्या तोंडून जी कारणं आली तीच त्यांच्या शब्दांत पर्यायांमध्ये घाला, मग मोजा. आणि तुमचा प्रश्न मुळातच 'का' किंवा 'कसं' असा असेल, तर सर्वेक्षण सोडा. थोडी घरं निवडा आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन बसा. मार्गदर्शक 'नमुना किमान शंभरचा हवा' म्हणून अडून बसले तर त्यांना हे कारण लेखी द्या. समाजशास्त्रात तो पूर्ण मान्य मार्ग आहे.

सर्वेक्षणाचं आणखी एक बळ आपण विसरतो: ते मागे उरतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावातली शेतं, त्यांचे झालेले तुकडे आणि लोकांची कर्जं मोजली, तो अभ्यास १९१७ साली छापून आला. आज ते गाव पिंपरी-चिंचवडमध्ये मिसळून गेलंय, तिथे सोसायट्या उभ्या आहेत. तेव्हाचा शेतकरी किती तुकड्यांत किती जमीन कसत होता हे आज आपण सांगू शकतो, कारण कोणीतरी नीट मोजून, काय मोजलं तेही लिहून ठेवलं.

यादी हातात नसेल तर नमुना नाही

'गावातील ५० कुटुंबांची यादृच्छिक पद्धतीने निवड केली' हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता पहिला प्रश्न तोच विचारते: यादी कुठली होती? पारावर भेटले त्यांचे फॉर्म भरले तर तो नमुना यादृच्छिक होत नाही. प्रत्येक घराला निवडलं जाण्याची ठरावीक संधी हवी आणि त्यासाठी आधी सगळी घरं कागदावर हवीत.

गावात साधारण तीन याद्या मिळतात आणि तिन्हींची खोड वेगळी आहे. ग्रामपंचायतीची 'नमुना ८' ही नोंदवही घरपट्टीसाठी असते. त्यात घरमालक सापडतो, भाडेकरू आणि गायरानावरची पालं सापडत नाहीत. मतदार यादीत नांदायला गेलेल्या मुली आणि वारलेली माणसं वर्षानुवर्षं राहतात, नव्या सुना यायच्या असतात. अंगणवाडी सेविकेची कुटुंब नोंदवही माझ्या मते सगळ्यांत कामाची, पण तीही लहान लेकरं आणि गरोदर बाया असलेल्या घरांपुरती ताजी असते. नुसतं म्हातारं जोडपं राहतं त्या घरांची नोंद शिळी. तिन्ही समोर ठेवा आणि एक दिवस गाव पायी फिरा. गावठाण, मळ्यातली घरं, वस्त्या, तांडा, सगळं. बाजूला पडलेली घरं नेमकी तीच असतात ज्यांच्याबद्दल समाजशास्त्राला सगळ्यांत जास्त विचारायचं असतं.

यादी झाली की पुढचं सोपं आहे. ६०० घरं आहेत, ६० हवीत, म्हणजे दर दहावं घर. पहिलं घर १ ते १० च्या चिठ्ठ्यांतून काढा, पुढे दहा-दहाने जा. घराला कुलूप असेल तर शेजारचं घेऊ नका. संध्याकाळी जा, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. दिवसा बंद असणारं घर मजुरीला गेलेल्यांचं असतं. त्याच्या जागी उघडं घर घेत गेलात तर तुमच्या नमुन्यात हळूहळू म्हातारी माणसं, दुकानदार आणि नोकरदारांच्या घरच्याच भरत जातात आणि मग गाव आहे त्यापेक्षा सुखवस्तू दिसायला लागतं.

हंगामाचंही तेच. दिवाळीनंतर ऊसतोडीचे तांडे रिकामे होतात, माणसं परततात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये. डिसेंबरच्या सुट्टीत सोयीचं म्हणून स्थलांतराची पाहणी केलीत तर ज्यांच्यावर अभ्यास आहे तेच गावात नसतील. वेळ बदलता येत नसेल तर घरी राहिलेल्यांना 'कोण कोण गेलंय' विचारा आणि गेलेल्यांची माहिती दुसऱ्याच्या तोंडून घेतली आहे हे अहवालात स्पष्ट लिहा.

किती घरं घ्यायची? ९५ टक्के खात्री आणि अधिक-उणे ५ टक्के चूक चालणार असेल तर सुमारे ३८४ हा आकडा पुस्तकांत सापडतो. तो अख्ख्या राज्यालाही पुरतो आणि पाच हजार जणांच्या समूहालाही साडेतीनशेच्या वर लागतातच. समूह लहान म्हणून नमुना त्या प्रमाणात लहान होत नाही. एम.ए.ला एवढं झेपत नाही, हे मान्य. मग ६० घरं घ्या, पण टक्केवारीवरून मोठी विधानं करू नका. साठांत दहा-बारा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरवून आलेली दोनशे उत्तरं तुमच्या ओळखीच्या, स्मार्टफोन असलेल्या, फुरसत असलेल्या लोकांची असतात. तेवढ्याच लोकांवर अभ्यास असेल तर खुशाल वापरा.

दारात

सर्वेक्षणाचं सगळं बळ आणि सगळी कमजोरी उंबरठ्यावर ठरते. फॉर्म घेऊन कोणी आलं की समोरचा माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट ठरवतो: हे कशासाठी आलेत? 'घरकुलाचा सर्वे आहे का?' 'नाव लागेल का आमचं?' २०२४ नंतर बायका विचारतात, 'लाडक्या बहिणीचं बंद करायला आलात का?' त्या योजनेला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं. केशरी रेशनकार्डाची मर्यादा एक लाखाची, पिवळ्याची १५ हजारांची, ती १९९९ पासून ठरलेली. अशा वेळी 'वार्षिक उत्पन्न किती?' विचारलं की उत्तर येतं ते कार्डाच्या रंगाला साजेसं. यात लबाडी शोधू नका. सरकारने प्रत्येक आकड्याला एक दार जोडून ठेवलंय, माणूस त्या दाराकडे बघूनच आकडा सांगणार.

म्हणून ओळख करून देताना दोन्ही गोष्टी बोला: 'मी विद्यार्थिनी आहे, हा कॉलेजचा अभ्यास आहे. यातून कुठली योजना मिळणार नाही आणि मिळतेय ती बंदही होणार नाही.' पहिलीच गोष्ट सांगितली तर भीती तशीच राहते. आधार क्रमांक मागू नका. मोबाइल नंबर अगदी लागलाच तर का लागतो ते सांगा. फसवणुकीच्या इतक्या गोष्टी कानावर आल्यात की 'ओटीपी येईल का?' हा प्रश्न आता म्हातारी माणसंसुद्धा विचारतात. नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्या आणि ती नोंद ठेवा.

सरपंचांना आधी भेटून कल्पना द्या, पण घरोघरी त्यांच्यासोबत फिरू नका. 'पाणी वेळेवर येतं का?' हा प्रश्न सरपंच शेजारी उभे असताना विचारण्यात काही अर्थ नाही. दलित वस्तीत गेल्यावर दिलेलं पाणी प्या. चहा होणार असेल तर थांबा. तुम्ही कोण आहात याची पाहणी त्या घरातही चालू असते आणि तुमचा फॉर्म किती खरा भरला जाणार हे त्यावर ठरतं. जातीचा प्रश्न शेवटी घ्या, सरळ विचारा. आडनावावरून आपल्या मनाने लिहू नका. मराठवाड्यात एकच आडनाव चार-चार जातींत सापडतं.

आणि एकांत. घरात कोणी मारतं का, दवाखान्यात जाताना कोणाला विचारावं लागतं, असले प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारायचे नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची शिस्त इथे डोळ्यांपुढे ठेवा. हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारतात, म्हणजे दुसरीला पत्ता लागत नाही. एकांत मिळालाच नाही तर तो भाग विचारायचा नाही, कोरा ठेवून कारण लिहायचं. उत्तर गेलं तरी चालेल. आपण निघून गेल्यावर तिच्यावर हात उठता कामा नये. तुम्ही दोघी जात असाल तर एकीने ओसरीवर बाकीच्यांना धरून घरातली माणसं, जमीन, जनावरं असली माहिती विचारत राहावं, दुसरीने आत बोलावं. हे आम्ही कायम करायचो आणि याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

'काही नाही, घरीच असते'

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती बदलतं याचा एक प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगते. अंगणात शेळीला पाला टाकणाऱ्या एका बाईंना फॉर्ममधला प्रश्न जसाच्या तसा विचारला, 'तुम्ही काय काम करता?' त्या म्हणाल्या, 'काही नाही, घरीच असते.' नवऱ्याने ओट्यावरून दुजोरा दिला. नियमाप्रमाणे 'गृहिणी'वर खूण करून पुढे जाता आलं असतं.

त्याऐवजी विचारलं, 'काल सकाळी कितीला उठलात? मग काय केलंत?' पाचला उठल्या. दोन म्हशींची धार काढली, शेण काढलं, दूध डेअरीवर पोचवलं. पाणी, भाकरी, लेकरांचे डबे. नऊला दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला, किलोच्या भावाने. दुपारी येताना शेळ्यांचा पाला. संध्याकाळी पुन्हा धार, पुन्हा स्वयंपाक. एका दिवसात तीन कमाईची कामं आणि फॉर्मवर त्या 'काम न करणाऱ्या'.

२०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली ती याच पद्धतीने: कालचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारून. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटं, हा आकडा त्यातूनच आला. 'तुम्ही काय काम करता?' विचारून तो कधीच आला नसता. सर्वेक्षण उथळ असतं असं आपण सरसकट म्हणतो. प्रश्न उथळ असला की ते उथळ होतं.

प्रश्नांच्या बाकीच्या चुका पटकन सांगते. 'शाळा आणि अंगणवाडी चांगली चालते का?' हे दोन प्रश्न आहेत. 'मुलींना शिकवायला हवं असं तुम्हाला वाटत नाही का?' याला कोणीही 'हो ताई' म्हणणार. 'पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ' ही भाषा गावात कोणी बोलत नाही. पाच चिंचोके पुढे ठेवा आणि म्हणा, एकदम पटत असेल तर पाचही उचला, अजिबात नाही तर एकही नको. म्हाताऱ्यांनासुद्धा जमतं.

वय, आठवण, पैसा

साठीच्या पुढच्या माणसाला वय विचारलं की साठ, पासष्ट, सत्तर अशी गोल उत्तरं येतात. जनगणनेतही शून्यावर आणि पाचावर संपणारी वयं अशीच फुगलेली असतात. त्यावर उपाय म्हणजे प्रसंगांची यादी जवळ ठेवणं. आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ हा मोठा खुंटा. 'दुष्काळात खडी फोडायला जात होता का? तेव्हा लग्न झालं होतं? पहिलं मूल कडेवर होतं का?' त्यानंतरचा खुंटा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. साताऱ्यात काम करत असाल तर डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, पुण्यात १२ जुलै १९६१ चं पानशेत. प्रत्येक तालुक्याचे असे तीन-चार प्रसंग जाण्याआधी जाणत्या माणसांकडून लिहून घ्या.

आठवणीची मुदत किती द्यायची, यावर देशाच्या गरिबीचा आकडा हलला होता. राष्ट्रीय नमुना पाहणी पूर्वीपासून लोकांना गेल्या ३० दिवसांचा खाण्यापिण्याचा खर्च विचारत असे. प्रयोग म्हणून काही घरांना ७ दिवसांचा विचारून पाहिला तर खर्च लक्षणीय जास्त निघाला. कारण महिनाभराचं माणूस विसरतो. मग १९९९-२००० च्या फेरीत त्याच घरांना दोन्ही मुदती एकाच कागदावर शेजारी शेजारी विचारल्या. दोन उत्तरं एकमेकांकडे ओढली गेली. १९९३-९४ मधली ३६ टक्के गरिबी या फेरीत २६.१ वर आलेली दिसली आणि त्या घसरणीत खरी किती आणि प्रश्नावलीच्या मांडणीची किती, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद कित्येक वर्षं चालला. अनुभवी माणसं, प्रचंड नमुना, तरीही दोन रकाने शेजारी ठेवल्याने हे झालं. तेव्हा तुमच्या साठ घरांच्या प्रश्नावलीतही एका खर्चाला मुदत एकच ठेवा: रोजचा खर्च आठवड्याचा, कपडेलत्ते-दवाखाना वर्षाचा.

उत्पन्न एका आकड्यात विचारूच नका. सोयाबीन किती पोती झालं, काय भावाने गेलं. कापूस किती क्विंटल. मजुरीचे दिवस किती. पुण्याहून मुलगा महिन्याला किती पाठवतो. उचल किती फिटायची आहे. बेरीज घरी येऊन तुम्ही करा. वेळ लागतो, पण कार्डाच्या रंगापलीकडे जायचा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

सांगणं आणि वागणं

१९३० च्या सुमारास रिचर्ड लापिएर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर प्रवास केला. तेव्हा तिथे चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. अडीचशेच्या आसपास हॉटेलांत आणि खाणावळींत ते गेले, नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, 'चिनी गिऱ्हाईक घ्याल का?' उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त 'नाही' म्हणाले. म्हणजे कागदावरचं उत्तर आणि दारातलं वागणं दोन ठिकाणी राहतात.

आपल्याकडे हे उलट दिशेने घडतं. लोक बोलताना पुरोगामी असतात, चुलीपाशी वेगळे. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि मेरीलँड विद्यापीठाने २०११-१२ साली ४२ हजारांहून जास्त घरांची पाहणी केली. त्यात आधी विचारलं, घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? 'नाही' म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न: अनुसूचित जातीचं कोणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं किंवा तुमची भांडी वापरली तर अडचण वाटेल का? दोन्ही मिळून २७ टक्के घरांत ती पाळली जाते असं निघालं. मोठा, नैतिक शब्द वापरला की माणूस सावध होतो. भांड्यांचं विचारलं की खरं बोलतो. संवेदनशील विषयावर प्रश्न करताना हा दुसरा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा. तरीही हे प्रमाण म्हणजे किमान इतकं, असंच वाचा. कबूल न केलेलं त्यात आलेलं नाही.

फॉर्म परत आल्यावर

पंधरा-वीस फॉर्म भरून झाले की थांबा आणि वाचा. खरं तर त्याआधी दुसऱ्या गावात पाच-दहा फॉर्मची पूर्वचाचणी करायलाच हवी. जिथे समोरच्याने 'म्हंजे?' म्हटलं तो प्रश्न बदला. मदतीला घेतलेल्या मित्रांचे फॉर्म तपासताना एक सांगते. झाडाखाली बसून भरलेला फॉर्म ओळखू येतो. तो फार स्वच्छ असतो. एकही खाडाखोड नाही, समासात टीप नाही, सगळी वयं गोल आणि 'माहीत नाही' कुठेच नाही. खऱ्या घरात कोणीतरी मध्येच येतं, जमिनीचा आकडा गुंठ्यांत दुरुस्त होतो, मुलाचं वय आई वेगळं आणि बाप वेगळं सांगतो. दहांतल्या एका घरी स्वतः जाऊन दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारा. आज मोबाइल ॲपवर ठिकाण आणि वेळ नोंदली जाते, पण घराबाहेर गाडीवर बसूनही खुणा करता येतात.

आकडे मांडताना संयम हवा. बारा जणांची टक्केवारी काढू नका, 'बारांपैकी पाच' लिहा. कमी शिकलेल्या घरांत बालविवाह जास्त दिसले म्हणून शिक्षण हेच कारण ठरत नाही. दोन्हींच्या मागे स्थलांतर असू शकतं आणि एकदाच घेतलेल्या पाहणीतून आधी काय, नंतर काय हे कळत नाही.

दोन पाहण्या शेजारी ठेवतानाही तसंच. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाची पिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास १७ टक्के. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. फरक भयंकर आहे आणि तोवर 'एखाद-दुसरं प्रकरण' म्हणून झटकता येणारी गोष्ट या आकड्याने झटकता येईनाशी केली. सर्वेक्षणाचं मोल मला तिथे सगळ्यांत जास्त जाणवतं. पण १७ भागिले ३ करून 'सहापट' लिहिण्याआधी दोन्हीकडचे वयोगट सारखे आहेत का ते पाहा; वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतंच. यांतल्या किती शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या होत्या हे तर त्या संख्येत नाहीच. त्यासाठी दवाखान्याचे कागद काढावे लागतात, त्या बायांशी आणि डॉक्टरांशी बोलावं लागतं.

'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात 'वेळ आणि पैसा अपुरा होता' एवढंच लिहू नका. किती घरं बंद होती, किती जणांनी नकार दिला, किती मुलाखतींत शेजारी दुसरं कोणी होतं, कोणत्या महिन्यात गेलात, कोणाची माहिती दुसऱ्याकडून घेतली, हे लिहा. वाचणाऱ्याला तुमच्या आकड्यावर किती भार टाकायचा ते यावरून कळतं.

आणि निष्कर्ष गावाला परत सांगा. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दहा मिनिटं मागून घ्या. लोक तिथल्या तिथे दोन-चार आकडे दुरुस्त करतील. कोण म्हणालं आणि काय म्हणालं ते टिपून प्रबंधात वेगळं जोडा, मूळ आकडा गुपचूप बदलू नका. ज्या रकान्यात तीन-चारच घरं आहेत तो मात्र ग्रामसभेत वाचू नका. नाव न घेताही गावाला घर लगेच ओळखू येतं.